बाळूचं तिसरं पेन

ईरा आणि निहार,

तुम्ही दोघं रायपूरला कधी गेला नाहीत. तुमची आई लहानपणी दोनदा गेली होती, पण तिला तिथला फक्त उन्हाळा आठवतो. मी या मे महिन्यात आठ दिवसांसाठी गेले आणि एकवीस दिवस राहिले. तिकीट पुढे ढकलणारी बाई मी नव्हे, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून काय झालं ते क्रमाने सांगते.

बाळू म्हणजे माझा धाकटा भाऊ बाळकृष्ण, तुमचे मामाआजोबा. वय अडुसष्ट. रेल्वेच्या कारखान्यात त्याने सगळी नोकरी खरादवर काढली. खराद म्हणजे लेथ. धातूचा तुकडा गरगर फिरत असतो आणि त्याला धारदार हत्यार लावून हवा तो गोल आकार द्यायचा असतो. निवृत्त झाल्यावर त्याने त्याच हातांनी शाईची पेनं करायला घेतली. एबोनाइट नावाचं काळं, कडक रबर कातून तो टोपण आणि दांडी करतो आणि वर उरुशीचे हात देतो. उरुशी हा जपानमधल्या एका झाडाचा चीक. तिथे शेकडो वर्षं तो वाट्यांना, पेट्यांना लावत आले आहेत.

एप्रिलच्या शेवटी त्याचा फोन आला. "ताई, तू रोज शाईनं लिहिते. निब तपासाले तूच ये. मले माझ्या हातचं सगळंच गुळगुळीत लागते."

गुरुवार, ब्राह्मणपारा

प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. गाडी आली, स्टेशनवर बाळू उभा होता. त्याचं घर ब्राह्मणपाऱ्यात आहे. पारा म्हणजे आपली आळी. गल्ली इतकी अरुंद की समोरून स्कूटर आली तर माणसाने देवळाच्या पायरीवर चढायचं. माझी भावजय कुंदा दारातच म्हणाली, "ताई, नऊ वर्षांनी आले तुम्ही. पाय धुवा, मग भांडते."

चहा झाल्यावर बाळूने स्टीलचा एक डबा आणला. आत मऊ फडक्यात दोन पेनं होती. मला तर दोन्ही सुंदर वाटली. पण पहिल्यावर पातळ कागदाचे बाणासारखे सात तुकडे चिकटवलेले होते आणि दुसऱ्यावर दोन.

"हे काय?"

"गुरुजींनी परत पाठवलं. जिथं चूक, तिथं कागद."

गुरुजी म्हणजे जपानमधले एक वृद्ध कारागीर. चार वर्षांपूर्वी कुणीतरी त्यांच्या हातचं एक पेन टोपण बदलायला बाळूकडे आणलं होतं. ती झळाळी पाहून बाळूचं जेवणावरचं लक्ष उडालं, असं कुंदा सांगते. त्याने पेनाच्या मालकाकडून पत्ता मिळवला, फोनवरच्या भाषांतराने पत्र लिहिलं आणि शिकवाल का म्हणून विचारलं. गुरुजींनी होकार दिला, पण एका अटीवर. मी सांगेपर्यंत पेनावर स्वतःचं नाव घालायचं नाही आणि बिननावाचं पेन कुणाला द्यायचं नाही. त्यांच्याकडे काम पूर्ण झालं की कारागीर लाल उरुशीने आपलं नाव घालतो. मग त्या कामाची जन्मभराची जबाबदारी त्याच्यावर.

"सात कागद, मग दोन," मी म्हटलं. "ही प्रगती आहे."

"आता तिसरं. उद्या सकाळी शेवटचा हात द्यायचा. यावर एक जरी कागद लागून आला तं खरादचं मशीन माझ्या दोस्ताले, साहूले देऊन टाकीन."

"असं काय बोलतोस?"

"अडुसष्ट झाले, ताई. एका पेनाले आठ महिने लागतात. किती वेळ शिकत राहू?"

कुंदा आतून म्हणाली, "रोज हेच बोलून राहिले. तुम्ही तरी समजवा."

शुक्रवार, जुना फ्रिज

सकाळी पाचला बाळू मागच्या खोलीत गेला. अंगात सदरा नाही, पंखा बंद, खिडक्या बंद. कपड्याचा एक तंतू उडून बसला तरी काम बिघडतं, म्हणून त्याने अंगही ओल्या फडक्याने पुसून घेतलं होतं. मला दाराबाहेर थांबायला सांगितलं. अर्ध्या तासाने घामाने निथळत बाहेर आला आणि म्हणाला, "झालं. ठेवलं वाळाले."

न्याहारीला बासी होती. रात्रीच्या भातात पाणी घालून ठेवायचं आणि सकाळी कांदा, मिरची, दह्याबरोबर खायचं. आपण उरलेल्या भाताला फोडणी देतो. हे लोक त्याला आंघोळ घालतात. मी संशयाने एक घास घेतला आणि मग दोनदा वाढून घेतली. त्या उन्हाळ्यात पोटाला इतकं थंड दुसरं काही नाही.

मग बाळू बीरगांवला गेला. तिथे या साहूच्या वर्कशॉपमध्ये त्याचं मशीन आहे. कुंदा गोल बाजारात कढई आणायला गेली. जाताना मला म्हणाली, "मागच्या खोलीत कूलर आहे, तिथं पडा."

मी पडले. समोर एक जुना फ्रिज होता. त्याची वायर गुंडाळून वर ठेवलेली आणि दार घट्ट लावलेलं. आता तुम्हीच सांगा, बंद फ्रिजचं दार कुणी लावून ठेवतं का? आत कोंदट वास धरतो. तुमच्या आईलाही मी हे शंभरदा सांगितलं आहे. मी उठून दार उघडलं. आत ओले टॉवेल. एक वर, दोन खाली, आणि भिंतींवर दव. मधल्या कप्प्यात लाकडी ठोकळ्यात रोवलेल्या काड्यांवर पेनाचं टोपण आणि दांडी उभी होती.

पेनाला हात लावायचा नाही इतकं मला कळत होतं. मी काड्या धरून ठोकळा उचलला, बाजूला ठेवला, टॉवेल काढून गच्चीवर वाळत घातले, फ्रिज आतून कोरड्या फडक्याने लख्ख पुसला, ठोकळा जागच्या जागी ठेवला आणि दार उघडं ठेवून त्याला स्टूल लावलं. टॉवेल दहा मिनिटांत पापडासारखे झाले. घड्या घालून मी समाधानाने झोपले.

बाळू दुपारी दोनला आला. खोलीच्या दारातच थांबला.

"हे कोणं उघडलं?"

"मी. वास मारत होता रे."

तो स्टुलावर बसला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. मग त्याने मला समजावलं. उरुशी उन्हाने वाळत नाही. ती हवेतला ओलावा पिते आणि त्यानेच कडक होते. कोरड्या हवेत ती दिवसेंदिवस चिकट राहते आणि तिच्यावर धूळ बसते.

"या उन्हात माणूस वाळते, ताई. हे नाही वाळत. म्हणून तं हा फ्रिज."

"मला काय माहीत? कुणी सांगितलं का?"

"नाही सांगितलं. माझंच चुकलं. टोपणाले हात तं नाही लागला?"

"नाही. काड्या धरल्या होत्या."

"मग ठीक."

टॉवेल पुन्हा भिजवून आत गेले. संध्याकाळी कुंदाने नवी कढई घासून ठेवली आणि फ्रिजवर कागद चिकटवला: 'ताईंनी उघडू नये.' मी त्यातलं 'उघडू' तरी नीट लिहिलंय का ते तेवढं पाहिलं.

रविवार

दोन दिवसांनी बाळूने पेन बाहेर काढलं. त्याचा रंग कसा सांगू? खाली लाल थर आणि वर तपकिरी. कोऱ्या चहाचा कप उजेडात धरल्यासारखा. जिथे थर पातळ, त्या कडांवर आतला लाल दिसत होता. बाळू म्हणाला की वर्षं जातील तसा वरचा थर आणखी पारदर्शक होतो आणि लाल वर येतो. म्हणजे तुम्ही माझ्या वयाचे व्हाल तेव्हा ते पेन आजच्यापेक्षा सुंदर असेल.

मी हे ऐकत होते तेवढ्यात तो बोलायचा थांबला. भिंगातून टोपणाकडे पाहू लागला. बराच वेळ पाहिलं. मग माझ्या हातात दिलं. टोपणाच्या वरच्या बाजूला, आरशावर फुंकर मारल्यावर उमटतो तसा एक अंधूक डाग होता. भिंगाशिवाय मला दिसलाही नसता.

"टॉवेल काढले म्हणून झालं का?"

"नाही. तसं असतं तं सगळीकडे झालं असतं. हे एकाच जागी आहे. ब्रश दाबला गेला माझा." त्याने उजवा हात पुढे धरून पाहिला. "हात गेला, ताई."

"एका डागावरून?"

"मायक्रोमीटर न लावता मी केसाइतका फरक सांगत होतो. आता माझ्याच हातानं दाबलेलं मले समजलं नाही. उद्या साहूले सांगतो."

कुंदाने भाजीला फोडणी दिली आणि ताटं वाढली.

इथे एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. मला शिकायला नागपूरच्या इंग्रजी शाळेत ठेवलं, पुढे मी कॉलेजात इंग्रजी शिकवलं. बाळू दहावीत राहिला आणि कारखान्यात शिकाऊ म्हणून लागला. स्टाफरूममध्ये कुणी विचारलं की मी म्हणायची, "भाऊ रेल्वेत असतो." तो खरादी आहे हे मी इतक्या वर्षांत एकदाही सांगितलं नाही. खोटं बोलले नाही, पण पुरं खरंही नाही. त्या दिवशी त्याला हाताकडे बघताना पाहिलं आणि मला माझी लाज वाटली. त्या हातांनी केलेलं ते टोपण मी जेवण झाल्यावर पुन्हा मागून घेतलं आणि खिडकीपाशी धरून बसले.

सोमवार, बीरगांव

"मीपण येते," मी म्हटलं. "मशीन देण्याआधी मला ते चालताना पाहायचंय."

आम्ही रिक्षाने गेलो. बीरगांव म्हणजे कारखान्यांना लागून वसलेलं गाव. पाळी सुटलेली माणसं सायकलींना डबे अडकवून परतत होती, झाडांच्या पानांवर राखाडी धूळ होती. साहूचं वर्कशॉप पत्र्याचं. साहू पन्नाशीचा, छत्तीसगढी माणूस. पंपांचे सुटे भाग करतो आणि बाळूला भैया म्हणतो.

बाळूने येऊन थेट विषय काढला. साहूने हात पुसत सगळं ऐकलं.

"ये मशीन ले के मैं का करहूं, भैया? पेन बनाहूं? मोर लिखावट देखे हव?" म्हणजे, माझं अक्षर पाहिलंय का?

"मजाक नहीं कर रहा हूँ."

"मैं भी नहीं. पहिली दीदी ला एक ठन बना के दिखा दे, फेर सोचबो."

आधी दीदीला, म्हणजे मला, एक ठन, एक नग करून दाखव, मग बघू, असं त्याचं म्हणणं. बाळूने नाइलाजाने एबोनाइटची कांडी मशीनवर चढवली. मशीन सुरू झालं आणि माझा भाऊ बदलला. खांदे सैल झाले. हत्यार टेकलं तशी काळी, रेशमासारखी सलग पट्टी निघून त्याच्या मनगटावरून खाली वळत गेली. गंधकाचा वास सुटला. तो मापाकडे बघतही नव्हता, आवाज ऐकत होता. मी आयुष्यभर वर्गात उभी राहून बोलले. न बोलता इतकं येणारा माणूस मी जवळून पाहिला नव्हता. हा माझा भाऊ, असं कुणालातरी सांगावंसं वाटलं, पण तिथल्या सगळ्यांना ते माहीत होतंच.

पाहता पाहता मी अंगठा खाजवत होते. सकाळपासूनच खाजत होता, डास चावला असेल असं मला वाटलं होतं. साहूचं लक्ष गेलं.

"दीदी, अंगठा मा का होगे? भेलवा लग गे का?"

भेलवा म्हणजे आपला बिब्बा. आमच्या लहानपणी परीट कपड्यांवर बिब्ब्याच्या काळ्या रसाने खुणा करायचा. तो रस कातडीला लागला की दोन दिवसांनी अंग सुजून बारीक फोड यायचे. बिब्बा उतला, असं म्हणायचे.

"मी कुठे लावायला गेले भेलवा," मी म्हणाले आणि अंगठा पाहिला. टोकाला सूज आणि बारीक पुरळ.

बाळूने मशीन बंद केलं. माझा हात धरून उजेडाकडे नेला. मग खिशातून फडक्यात गुंडाळलेलं टोपण काढलं आणि तो डाग माझ्या अंगठ्याच्या टोकाला लावून पाहिला. तंतोतंत बसला.

"बिब्बा आणि उरुशी एकाच घरातली झाडं, ताई. ओली लागली की असंच उतते. मले सुरुवातीले दोन महिने उतत होतं." तो हळू हळू बोलत होता. "तू ठोकळा उचलला तेव्हा अंगठा टेकला."

मला आठवेना. पण अंगठा समोर होता.

"हे तुझं आहे," तो म्हणाला. "माझं नाही."

त्याचा चेहरा असा उजळला की मला माफी मागायचंही सुचेना. शेवटी म्हटलं, "बाळू, चूक माझी आहे. आठ महिन्यांचं काम मी बिघडवलं. आणि मला फार बरं वाटतंय."

"मलेपण."

साहू आमच्याकडे आळीपाळीने बघत होता. "त मशीन?"

"राहू दे मशीन," बाळू म्हणाला. "चाय मंगा."

पुढचे दोन आठवडे

त्याच संध्याकाळी मी तिकीट बदललं. बाळूने ओला, बारीक पॉलिश पेपर घेऊन टोपणावरचा थर उतरवला आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा शेवटचा हात दिला. कुंदा माझ्या अंगठ्याला दिवसातून चारदा खोबरेल लावायची आणि प्रत्येक वेळी म्हणायची, "कॉलेजात शिकवत होते ना तुम्ही?"

टॉवेलांचं काम मी मागून घेतलं. फ्रिजमध्ये ओलावा मोजायचा छोटा काटा होता. सकाळी सहा, अकरा, दुपारी चार आणि रात्री नऊ, अशा नोंदी मी वहीत ठेवल्या. काटा जरा उतरला की टॉवेल भिजवायचा, पण निथळता नाही. फार ओलं झालं तर उरुशी घाईने वाळते आणि तिला सुरकुत्या पडतात. तीन दिवसांनी बाळूने वही चाळली आणि म्हणाला, "चार वर्षांत माझ्याकडून एवढी शिस्त नाही झाली." कुंदाने फ्रिजवरचा कागद काढून दुसरा लावला: 'फक्त ताईंनी उघडावे.'

या वेळी डाग नव्हता. आठवडाभर ठेवून मग बाळूने तेल आणि बारीक भुकटी घेऊन ते तळहाताने चोळलं, दोन दुपारी. शेवटी निब बसवून माझ्यापुढे कागद ठेवला. मी तुम्हा दोघांची नावं आणि पत्ता लिहिला. डावीकडे वळताना निब किंचित घासत होती. मी दहापैकी सहा मार्क दिले. त्याने निब घासली. आठ दिले. पुन्हा घासली, आणि मग मी मार्क द्यायचं विसरून पान भरेपर्यंत लिहीत गेले.

पोस्टात पार्सल दिलं तेव्हा काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "जापान में पेन नहीं मिलता क्या, अंकल?"

"मिलता है, बेटा," बाळू म्हणाला. "इसीलिए तो वहाँ भेज रहे हैं."

मी शेजारीच उभी होते. तिने विचारलं नव्हतं, तरी मी सांगितलं, "मेरे भाई ने बनाया है. अपने हाथ से. खराद पर."

"ताई, चाल," बाळू म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

नाशिक

मी परत आले. पहिली दोन पेनं महिन्याच्या आत परत आली होती, पण महिना संपायच्या तारखेवर मी कॅलेंडरवर खूण केली नाही. केली असती तर रोज पाहिलं असतं. तरी रोज पाहत होतेच.

परवा सकाळी फोन वाजला.

"ताई, पेन परत येऊन नाही राहिलं."

"म्हणजे? हरवलं?"

"नाही ना. गुरुजींनी ठेवून घेतलं. त्यांनीच पत्र लिहिलं मले. पत्राचा फोटो आला, वर पेनाचा फोटो. एकही कागद नाही त्यावर. भाषांतर करून पाहिलं. एकच ओळ आहे: पुढच्या पेनावर नाव घाला."

मी नाक पुसलं. मागे कुंदाचा आवाज आला, "ताई रडून राहिल्या का?" आणि बाळू म्हणाला, "मले काय माहीत, फोनवर दिसते का?"

पुढचं पेन त्याने तिसऱ्याच्या जोडीनेच हाती घेतलं होतं, ते गेल्या महिन्यात तयार झालं. ते तो तुम्हा दोघांना पाठवणार आहे. नाव घातलेल्या पेनाचा फोटो त्याने पाठवला, तो मी मोठा करून पाहिला. दांडीच्या खालच्या टोकाला, मोहरीएवढ्या लाल अक्षरांत दोन शब्द होते: बाळ, रायपूर.

मी लगेच फोन केला. म्हटलं, "अरे, नाव ठीक आहे. पण गावाचं नाव कशाला घातलंस?"

"मग काय लिहू, ताई?" तो म्हणाला. "जपान?"